वाळत घातलेली घोंगडी

आटपाडीजवळच्या धनगरवस्तीतली एक सोडून सगळी घोंगडी त्या सकाळी धुऊन काट्यांच्या कुंपणावर वाळत पडली होती, आणि बनाबाईला हसू आवरत नव्हतं.

डेअरीवाल्याच्या पोरानं वस्तीतल्याच राणीवर अत्याचार केला होता. त्याच्यावर कोर्टात केस उभी होती. ती मिटवायला आज पंच येणार होते, आणि त्यांच्यात बनाबाईचा नवरा कोंडीबाच सगळ्यांत पुढं होता. पंचांनी घोंगड्यावर बसूनच बोलायचं आणि घोंगड्यावरचा शब्द कुणी मोडायचा नाही, ही वस्तीची रीत. म्हणून तर बनाबाईच्या महिला मंडळानं उजाडताच ती घोंगडी हौदात बुडवली होती.

पंच आले, पटके सावरत उन्हात उभे राहिले.

"आगं, घोंगडी कुठं हायत?" कोंडीबा खेकसला.

"धुतली."

"घोंगडं कोण धुतंय व्हय?"

"आवं, असल्या बैठका बसून बसून लय मळली व्हती."

"त्ये एक कोरडं हाय की!" एका पंचानं लिंबाखाली बोट दाखवलं.

कोरडं होतं खरं. पण त्यावर राणी मांडी घालून बसली होती, आणि तिच्याभोवती मंडळाच्या बायका. तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"केस मागं घ्यायची न्हाई," राणी ठणकावून म्हणाली. "सोमवारी तारीख हाय. आमी समद्या जाणार."



"घोंगड्यावरचा शब्द ऐकलासा न्हवं?" बनाबाई म्हणाली. "आता उभंच हायसा, तर कुंपणावरची घोंगडी तेवढी उलटून टाका."