शिळेवर ओतलेले वंगण

शनिवारी सकाळी आमच्या वाडीच्या वेशीबाहेर, शनीच्या शिळेसमोर, अकरा मोटारसायकली रांगेने उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती निदान दोनशे माणसे. सोमवारी मिरजगावला मोटार इन्स्पेक्टर येणार होते. चालू गाडीच्या धुराच्या नळकांड्यामागे ते पांढरा कागद धरीत. कागद काळवंडला की गाडीचे पुस्तक जप्त होई. त्र्याहत्तर सालच्या त्या सक्तीने जे भय उत्पन्न केले, त्यावरच धूम्रनाथ महाराजांनी आपले आसन मांडले होते.

"धूर म्हंजे काय?" महाराज विचारीत होते. "इंजनात बसलेला शनी. तेल कुनाचं? शनीचं. देवाचं तेल तुमी यंत्राला पाजता, आन् वर इचारता धूर का येतो."

मग प्रत्येक मालक पेट्रोलात मिसळायचे वंगण स्वतःच्या हाताने शिळेवर ओती. रिकाम्या टाकीत निव्वळ पेट्रोल आणि महाराजांची उदीची पुडी पडे. नगरच्या एका गॅरेजात पूर्वी काम केलेला त्यांचा शिष्य छगन नळकांड्यातली काजळी खरवडी, प्लग घाशी. किक मारताच गाडी खोंडासारखी उसळे आणि कागद पांढराच राही. लोक हात जोडीत. दक्षिणेचे ताट मात्र काळवंडल्याशिवाय भरत होते.

त्या अकरांतली एक गाडी माझा एके काळचा विद्यार्थी गोरक्ष याची. सोमवारी ती इन्स्पेक्टरांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. परतताना त्याची पत्नी मनकर्णा मागे बसली होती. चढावर इंजिन एकाएकी जखडले, मागचे चाक अडकले, ती रस्त्यावर फेकली गेली आणि तिचे मनगट मोडले.

महाराजांना कारण लगेच सापडले. मनकर्णेने शनिवारी वाण्याकडून गोडे तेल विकत घेतले होते. तिला सव्वा वर्ष माहेरी ठेवावे, असा आदेश निघाला. तिच्या भावाला तसे पत्र लिहून द्यावे, म्हणून गोरक्ष माझ्याकडे आला.

"तुला हे पटते?" मी विचारले.

"पटायचा सवाल न्हाई, गुरुजी. तिला धाडल्याबिगर आई जेवत न्हाई."

दहा वर्षे मी ज्या वर्गात कार्यकारणभाव शिकवला, त्याच वर्गातला हा पहिल्या बाकावरचा मुलगा. मला संताप आला. त्याहून अधिक स्वतःच्या अध्यापनाची लाज वाटली. मी म्हणालो, "आधी इंजिन उघडू. त्यानंतर पत्र."

पुढल्या शनिवारी मिरजगावचे फक्रुद्दीन मिस्त्री पाने घेऊन आले आणि शिळेसमोरच, सर्वांच्या देखत, त्यांनी इंजिन उघडले. पिस्टनवर उभे, खोल ओरखडे होते.

"बघा," महाराज म्हणाले, "शनीची नखं."

"अशी नखं माझ्याकडं महिन्यातनं दोनदा येतात, महाराज," फक्रुद्दीन शांतपणे म्हणाले. "माणूस तेल घालायचं इसरला, की."

कोणी हसले, परंतु पटले कोणालाच नाही. वाडीतल्याच आप्पासाहेबांची गाडीही त्याच शनिवारी महाराजांनी भारली होती आणि ती ठणठणीत होती, हा युक्तिवाद पुढे आला. मी कोरा कागद मागवला. एका कोपऱ्यावर गोरक्षाच्या टाकीतले पेट्रोल टिपले, दुसऱ्यावर आप्पासाहेबांच्या. पहिला थेंब उडून गेला. मागे काही उरले नाही. दुसऱ्याने तेलकट डाग ठेवला.

"आप्पासाहेब, तुमच्या टाकीत हे तेल कुठून आले?"

"पुस्तक हातात पडल्यावर म्या पयल्यासारखं घातलं की. इंजन लई तापाया लागलं हुतं."

"आणि धूर?"

"येतोय थोडा."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"इचारलं कुनी?"

छगन तोवर पुड्या पिशवीत भरू लागला होता. मी म्हणालो, "तेल जळते म्हणून धूर येतो, ते काढले की धूर थांबतो. पण तेच तेल पिस्टनला घर्षणापासून वाचवते. सुरुवातीचे चार मैल जुने वंगण पुरते, तेवढ्यात परीक्षा होते. गाडी उसळते ती छगनने काजळी काढली म्हणून. तेल मापात घाला, नळकांडे साफ ठेवा. कागद फारसा काळा होणार नाही. यात लपवलेले काहीच नव्हते. तेल तुम्ही स्वतः ओतलेत."

महाराज मौनव्रतात गेले आणि त्याच अवस्थेत टेम्पोत बसले.

गोरक्षाची आई चांगुणाबाई सुनेजवळ आली. "झालं गेलं. पदरात घेतलं तुला."

गळ्यात अडकवलेला हात सावरीत मनकर्णा म्हणाली, "पदरात नगा घिऊ, आत्याबाई. माजी चूक न्हवती, येवढं म्हना."

चांगुणाबाई शिळेकडे पाहत राहिल्या. अखेर गोरक्षच पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "तिची चूक न्हवती. तेल म्या वतलं."

वाचकहो, इंजिन उघडायला अर्धा तास लागला. हे एक वाक्य बाहेर पडायला आठवडा. यंत्र बिघडले तर यंत्र तपासा. ज्याच्या हातून जे घडले, ते त्याच्याच नावावर ठेवा. आणि एखादा महाराज तुमच्या घरातल्या बाईकडे बोट दाखवू लागला, तर पत्र लिहायला बसण्यापूर्वी पुरावा मागा.