एका नावावर सगळा चौक

हेमाताई दामल्यांचा पाय त्या दिवशी एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत बसल्या की उठावंसं वाटे, उठल्या की पुन्हा टेबलावरच्या पडद्याकडे बघावंसं वाटे. चहा मागवला तो गार झाला. दुसरा मागवला, तो आला तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या.

'शहरभान' हे त्यांचं दैनिक गुढीपाडव्यापासून कागदावर निघायचं थांबलं होतं. कागद परवडेना आणि छपाईचं यंत्र म्हातारं झालेलं. तेव्हापासून अंक टॅब्लेटवर आणि फोनवर निघत होता, आणि तोही वर्षाची वर्गणी भरेल त्यालाच दिसत होता. हेमाताई वितरण सांभाळायच्या. उभा जन्म गठ्ठे, टेम्पो आणि विक्रेत्यांची भांडणं यांत गेला. तेव्हा दिवसभर तोंड चालू असायचं आणि जेवणाची शुद्ध नसायची, पण रात्री झोप लागायची. आता भांडायला कोणी नव्हतं. पडद्यावर एक रेघ होती, वर्गणीदारांची. ती आजारी माणसासारखी आडवी पडलेली असे.

मालक रावसाहेब निंबाळकर फार बोलणाऱ्यांतले नव्हते. गणपती उठले त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "लोक पैसे देऊन वाचतात की नाही, ते दिवाळीपर्यंत बघू. नाही वाचले, तर इतकी वर्षं आपण ताजी रद्दी विकत होतो असं समजायचं आणि कुलूप लावायचं."

कोणी हसलं नाही. कोणी हसावं अशी रावसाहेबांचीही अपेक्षा नव्हती.

त्यांनी सौमित्र नावाचा एक सल्लागार नेमला होता. वाघोलीहून मोटरसायकलवर यायचा. मुलगा हुशार होता, कामाला वाघ होता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर ताबडतोब सापडायचं. सोमवारी तो हेमाताईंच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे अकाउंट बघा. हंड्रेड पर्सेंट गडबड आहे."

नाव होतं चांद शेख, पत्ता कसबा पेठ.

"काय गडबड?"

"सकाळी उजाडल्यापासून रात्री दिवे लागेपर्यंत अंक उघडाच. इतका वेळ कोण वाचतं? आणि गंमत बघा, अक्षरांचा साइझ सारखा बदलतोय. आत्ता मोठा, लगेच लहान, परत मोठा. एक माणूस असं करेल का?"

"मग कोण करतंय?"

"एकतर मशीन वाचतंय, किंवा कोणीतरी बातम्या उचलून दुसरीकडे टाकतंय. नाहीतर पासवर्ड वाटलाय. एक वर्गणी भरायची आणि पन्नास जणांनी वाचायचं. हे ब्लॉक करा. मग बघा, सगळे धावत येऊन वर्गणी भरतात की नाही. सगळीकडे असंच होतं."

हेमाताईंना ते पटलं असं नाही. पण त्या आडव्या रेघेनं त्यांचा जीव इतका मेटाकुटीला आणला होता की काहीतरी करणं हेच त्यांना औषध वाटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं ते खातं बंद केलं. तिथे आपोआप एक मजकूर जात असे: 'गैरवापर आढळल्याने आपले खाते थांबविण्यात आले आहे.' तो त्यांनी वाचलासुद्धा नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. धावत कोणी आलं नाही. चालतही आलं नाही. गुरुवारी दुसरा चहा गार झाला तेव्हा हेमाताईंनी पर्स उचलली. "जरा कसब्यात जाऊन येते," असं त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून म्हणाल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कसब्यात त्या चालतच गेल्या. पत्त्यावर घर नव्हतं. एका मंडळाचं मोफत वृत्तपत्र वाचनालय होतं. पत्र्याची शेड, तिच्याखाली उतरत्या लाकडी फळ्या, आणि प्रत्येक फळीवर एकेक पेपर पसरून मधोमध लोखंडी पट्टी कुलपानं अडकवलेली. पेपर पळवू नयेत म्हणून पुण्यातल्या पेठांनी काढलेली ही फार जुनी युक्ती. वाचकांनी हात मागे बांधून उभ्यानं वाचायचं, चुळबूळ करायची, शेजारच्याला धक्का द्यायचा आणि पुढच्या फळीकडे सरकायचं.

शेवटच्या फळीवर कागद नव्हता. तिथे एक टॅब्लेट ठेवलेला होता, आणि त्याच्यावरूनही तीच लोखंडी पट्टी आडवी घालून कुलूप लावलेलं होतं. मंडळाच्या खोलीतून एक वायर लोंबत येऊन त्याला जोडलेली. पट्टीच्या वर काळ्या पडद्यावर शब्द होते 'गैरवापर आढळल्याने'. पट्टीच्या खाली होतं 'आहे'.

हेमाताईंनी पुढे वाकून तो मजकूर पहिल्यांदाच वाचला.

"काय बघताय?" काठी टेकून उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले. "ते वाचून झालंय आमचं. गेले तीन दिवस तेवढंच छापतायत. मजकूर कमी असला तरी अग्रलेखापेक्षा स्पष्ट आहे."

हे श्यामराव खरे. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, आणि आता बोलण्यावरच जगणारे.

"हा इथे सगळे वाचायचे?" हेमाताईंनी विचारलं.

"मग काय शोभेला ठेवलाय? मला बारीक अक्षर दिसत नाही, मी मोठं करायचो. हे दत्तप्रसाद आले की लहान करायचे. त्यांचं म्हणणं, मोठ्या अक्षरात बातमी खोटी वाटते."

"वाटतेच," बाजूच्या फळीवरून दत्तप्रसाद मान न वळवता म्हणाले.

"आणि पट्टीखालचं?"

"पट्टीखालचं वर सरकवायचं. कागदाला हे जमत नव्हतं. कागदाच्या पट्टीखाली कायम दोन ओळी जायच्या, त्या आम्ही आमच्या मनानं भरायचो. तुमच्या पेपरातल्यापेक्षा बऱ्या असायच्या."

'तुमच्या' हा शब्द ऐकून हेमाताई दचकल्या. पर्सला लटकवलेलं कार्यालयाचं ओळखपत्र त्या काढायला विसरल्या होत्या. श्यामरावांनी ते कधीच वाचलं होतं. अक्षर मोठं असावं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मीच बंद केलं ते," हेमाताई म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, कोणीतरी एका वर्गणीवर पुष्कळांना वाचायला देतंय."

"बरोबर वाटलं," श्यामराव म्हणाले. "वाचनालय म्हणतात त्याला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. हेमाताईंचे कान तापले. पण ज्या प्रश्नासाठी रात्र रात्र डोळा लागत नव्हता, तो विचारायला याहून बरी जागा मिळाली नसती. "खरं सांगा, तुम्ही घरी का नाही घेत? एका वडापावाच्या पैशात आठवडाभर अंक मिळतो."

मग दत्तप्रसाद पहिल्यांदाच वळले. "बाई, मुलानं घेऊन दिलाय मला टॅब्लेट. घरीही बघता येईल. पण घरी वाचलं तर बोलायचं कोणाशी? सून कानात ते घालून बसलेली असते. पेपर वाचून झाल्यावर कोणी 'हॅ, खोटं आहे' म्हणायला लागतं ना!"

"म्हणजे पैसे भरणार नाही."

"वाचण्याचे? नाही. आजवर कधी भरले नाहीत, आता काय भरणार?"

त्या उत्तरात आडपडदा नव्हता. हेमाताईंना एकदम थकल्यासारखं झालं. दिवाळी कशाला हवी, निकाल इथेच लागला, असं त्यांना वाटलं. परतायला वळताना त्यांची नजर फळीच्या वर गेली. प्रत्येक फळीवर एकेक पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याच्या स्मरणार्थ. पेठेत हे असंच चालतं, हे हेमाताईंना ठाऊक होतं. घरातलं माणूस गेलं की कोणी बाक देतो, कोणी पाण्याची टाकी, आणि कोणी वाचनालयातला एक पेपर वर्षभर आपल्या पैशानं लावतो. त्यांनी स्वतः अशा किती मंडळांना गठ्ठ्यातून अंक पाठवले होते. पडदा आल्यापासून हे सगळं त्या साफ विसरल्या होत्या.

शेवटच्या फळीवरच्या पट्टीवर होतं: 'दैनिक शहरभान. अख्तरबानू चांद शेख यांच्या स्मरणार्थ.'

"कैलासवासी लिहू की मरहूम, असं विचारलं होतं चांदभाईंना," श्यामराव म्हणाले. आता त्यांचा आवाज वेगळा होता. "म्हणाले, नुसतं नाव लिहा, ती सगळ्यांचीच होती. तुमचा पेपर वाचायच्या त्या. तुम्ही कागद बंद केलात तर या माणसानं टॅब्लेट आणून बसवला. आणि सोमवारी चार माणसांत त्यांच्या बायकोच्या नावाखाली 'गैरवापर' उमटलं. तेव्हापासून ते आलेले नाहीत."

चांदभाईंचं पुस्तकबांधणीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ते खळ लावत बसले होते. हेमाताईंनी आपण कोण ते सांगितलं, चूक सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बसायला स्टूल दिलं.

"चूक होते, ताई. माझ्याकडूनही पानं उलटी शिवली गेलीत."

"मी आत्ता फोन करते. पाच मिनिटांत चालू होईल."

"चालू नका करू."

"अहो, का?"

"तो शब्द लोकांनी वाचलाय. उद्या अंक चालू झाला तर म्हणतील, चांद जाऊन हातापाया पडला, दंड भरून आला. मी काय एकेकाला सांगत फिरू? जिथे वाचलं, तिथेच त्यांना वाचू दे की चूक तुमची होती. तेवढं पहिल्या पानावर असेल त्या अंकापासून चालू करा."

हेमाताई आल्या पावली कार्यालयात परतल्या, आणि रावसाहेबांच्या खोलीत उभ्यानंच सगळं सांगितलं. सौमित्र तिथेच होता. त्याचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "सॉरीचा मेसेज पाठवू ना त्यांना. पर्सनल. फ्रंट पेजवर कशाला? आपण लोकांकडे पैसे मागतोय आणि आपणच सांगायचं की आम्ही वर्गणीदाराला चोर ठरवलं?"

"मलाही तेच वाटतं," रावसाहेब म्हणाले. "हेमाताई, दिवाळी तोंडावर आहे. आत्ता दिलगिरी म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा."

हेमाताई आजवर रावसाहेबांना उलटून बोलल्या नव्हत्या. "रावसाहेब, कागदावर असताना आपण चूक केली की दुसऱ्या दिवशी छापत होतो. लोक आधी तीच वाचायचे. शिव्या द्यायचे, पण अंक घ्यायचे. हे लोक वाचायला पैसे देणार नाहीत, हे मी आज ऐकून आलेय. ज्या एका माणसानं दिले, त्यालाही घालवलं तर मग उरलं कोण?"

रावसाहेबांनी समोरचा कोरा कागद हेमाताईंकडे सरकवला. मग म्हणाले, "लिहा. पण रडू नका त्यात. चार ओळी."

शुक्रवारी खातं पुन्हा चालू झालं, आणि अंकाच्या पहिल्या पानावर त्या चार ओळी आल्या. कसबा पेठेतल्या वाचनालयात अख्तरबानू शेख यांच्या स्मरणार्थ लावलेला आमचा अंक आम्ही गैरसमजातून थांबवला, चूक पूर्णपणे आमची, श्री. चांद शेख आणि सर्व वाचकांची क्षमा मागतो. हेमाताई सकाळीच वाचनालयाच्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. चांदभाई उशिरा आले, लोकांच्या मागे थांबले. श्यामरावांनी अक्षर मोठं केलं. दत्तप्रसादांनी या खेपेला लहान केलं नाही. मोठ्यानं वाचून दाखवायची गरज नव्हती, तरी श्यामरावांनी वाचलं, आणि वर म्हणाले, "घ्या! पुण्यात कोणीतरी चूक कबूल केली. तारीख लिहून ठेवा." चांदभाई हसले. मग पुढे झाले आणि खिशातल्या फडक्यानं पडदा पुसून काढला.

पण हेमाताईंच्या जिवाला त्यानं काही स्वस्थता आली नाही. चांदभाईंचं ठीक झालं, 'शहरभान'चं काय? कार्यालयात येऊन त्या पुन्हा येरझाऱ्या घालू लागल्या. दुपारी फोन सुरू झाले. पहिले चार-दोन शिव्यांचेच होते. एकानं विचारलं, इतकी वर्षं केलेल्या बाकीच्या चुकांची क्षमा कधी मागणार. मग विश्रांतवाडीहून एका बाईंचा आला. त्यांच्या बागेतल्या कट्ट्यावर सकाळी पुष्कळ मंडळी जमतात. वडिलांच्या नावानं तिथे असा अंक लावता येईल का? हेमाताईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. दिवसभरात प्रथमच.

पुढच्या आठवड्यात असे आणखी आले. एक तालीम, एक दवाखान्याची बैठकखोली, एका सोसायटीतली ज्येष्ठांची खोली. पूर आला नाही. पण थांबलेही नाहीत. सौमित्रनं चार दिवस बसून एका वर्गणीवर सगळ्यांनी वाचायचं असं वेगळं खातं बनवलं, आणि प्रत्येक नव्या फोनला मान हलवत म्हणाला, "मॅडम, हे कुठल्याच मॉडेलमध्ये बसत नाही."

वसुबारसेच्या दिवशी रावसाहेब स्वतः हेमाताईंच्या टेबलाशी आले. पडद्याकडे त्यांनी बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"म्हणजे लोक वाचायला पैसे देत नाहीत. हे सिद्ध झालं."

"हो."

"दुसऱ्यानं वाचावं म्हणून देतात."

"सगळे नाही देत."

"यावर वर्ष निघेल?"

"माहीत नाही, रावसाहेब," हेमाताई म्हणाल्या. खोटं बोलण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. "गुढीपाडव्यापर्यंत निघेल कदाचित."

रावसाहेब काही बोलणार, एवढ्यात फोन वाजला. हेमाताईंनी घेतला, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून रावसाहेबांकडे वळल्या.

"सदाशिव पेठेतून एक बाई आहेत. त्यांना यजमानांच्या नावानं अंक लावायचाय, कोपऱ्यावरच्या वाचनालयात."

"मग लावा की."

"यजमान आहेत अजून. घरात सगळा पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात म्हणे. तिकडे लावला तर तिकडे जाऊन वाचतील. विचारतायत, जिवंत माणसाचं चालतं का?"

रावसाहेब समोरची खुर्ची ओढून तिच्यात बसले.

"अहो, चालतं म्हणा लवकर," ते म्हणाले. "आणि गुढीपाडव्यापर्यंत कुलपाची भाषा नको, हे खाली सगळ्यांना सांगा. पण आधी त्या बाईंना उत्तर द्या. यजमान परत घरी यायच्या आत."