घुमटाखालची फरशी

त्या दीडशे वर्षांच्या स्टेशनात तिकीटघरासमोरच्या दालनाची फरशी तीस वर्षं मुकादमबाईच पुसत आली होती. फरश्या रंगीत, जोडून जोडून सोळा पाकळ्यांची फुलं केलेली. उतारू मान खाली घालून बघायचे, काय चकाकतंय म्हणायचे, आणि ही ऐकलंच नाही अशा थाटात बादली पुढं सरकवायची.

मग डागडुजी निघाली. घुमट आतून इंजिनांच्या धुरानं काळाठिक्कर पडला होता. परांची बांधली आणि वर चढली कोण, तर हिचीच सून. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी. काजळी निघाली तशी निळी-सोनेरी फुलं उघडी पडली. आता जो तो मान वर करून चालायचा, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बूट उमटवत. कामावरचा इंजिनिअर तर उठता-बसता सुनेच्या हाताचं कौतुक करायचा. मुकादमबाईच्या पोटात दुखायचं. पुसायचंच काम ते, फक्त उंचावर बसून, असं ती सगळ्यांना ऐकवायची.

पुढं कळलं, वरच्या मधल्या फुलाचा रंग गळतीनं पार उडालाय आणि जुना नकाशाही सापडत नाही. तिथं नुसता निळा फासायचं ठरलं. सुनेचं तोंड उतरलं. मुकादमबाईला आधी बरं वाटलं, मग राहवेना. वरचं एकेक फूल खालच्या फुलासारखं हुबेहूब होतं, हे तिनं केव्हाच ताडलं होतं. तिनं इंजिनिअरला गाठलं.

"खाली उतरवा तिला. वरचं सगळं माझ्या फरशीवरून काढलंय."

सून गुडघे टेकून पातळ कागदावर मधलं फूल उतरवू लागली. भोवती माणसं जमली. मुकादमबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "आई, ही एक पाकळी उलटी बसलीय. वरही उलटीच काढू?"

मुकादमबाईनं वाकून पाहिलं. बारा वर्षांपूर्वी ती फरशी निखळली, तेव्हा गवंडी येईपर्यंत तिला दम धरवला नव्हता. आपल्याच हातानं बसवली होती. आता कबूल करावं, तर फूल सुनेनं सुधारलं म्हणून गावभर होणार.

"जुन्या कारागिरांपेक्षा तुला जास्त कळतं का? आहे तशी काढ."

बाकी सगळीकडं जुना चुना; सुनेनं त्या एकाच पाकळीच्या कडेचं सिमेंट बोटानं चाचपलं, एकदा सासूकडं पाहिलं, आणि आहे तशी काढली.

आता ती पाकळी घुमटात उलटी, सोन्याच्या वर्खात झळकते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना इंजिनिअर तिच्यामागचा जुन्या लोकांचा गूढ अर्थ समजावून सांगतो. सून शेजारी उभी असली तरी चकार शब्द काढत नाही, आणि मुकादमबाईला तेच सगळ्यात जास्त झोंबतं.