डाव्या हाताचा ओपनर

झीगमारकडे नऊशे चौदा ओपनर होते. त्यातला एक चोरीचा होता, आणि बघणाऱ्यांना नेमका तोच आवडायचा.

बागमंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात यंदा त्याच्या संग्रहाला अख्खं टेबल मिळालं होतं. बंद पडलेल्या बिअर कारखान्यांचे ओपनर, माशाच्या आकाराचे, एक तर हरणाच्या शिंगाचा. मधोमध मखमलीवर तो: रेल्वे इंजिनाच्या स्प्रिंगचं पोलाद, लाकडी मूठ, मुठीत अंगठ्यापुरती कोरलेली खळगी. शेजारी चिठ्ठी, ‘स्वतः बनवलेला. झीगमार, इंजिन दुरुस्ती विभाग.’

बनवला होता गोटहार्टनं. कोळसा खाणीच्या इंजिन दुरुस्ती कारखान्यात दोघं वीस वर्षं शेजारशेजारी राबले. तिथं ओपनर बाळगणं म्हणजे बायकीपणा. लायटर, पाना, घडीची फूटपट्टी, नाहीतर दुसरी बाटली, हाताला येईल त्यानं झाकण उडवायचं. गोटहार्टला हा धसमुसळेपणा खपायचा नाही. “बाटलीचं तोंड फुटतं रे गाढवांनो,” म्हणायचा. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी झीगमारनं त्याचा ओपनर मागून घेतला, तो परत दिलाच नाही. पुढं कुणीतरी विचारलं, कुणी केला? याच्या तोंडून निघून गेलं, “मीच.” तीस वर्षं ते ‘मीच’ त्याला चिकटून बसलं होतं. गोटहार्ट लांब मुलीकडे राहायला गेलेला, मग विचारणार कोण!

आज मात्र फाटकातून गोटहार्टची बायको हायड्रून चाकांची खुर्ची ढकलत आली. खुर्चीत गोटहार्ट. लकव्यानं गेलेला डावा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला. चिठ्ठी खिशात सारावी म्हणून झीगमारनं हात पुढं केला, तोच मंडळाच्या अध्यक्ष नोआकबाईंनी माईक उचलला.

“मंडळी, इकडे लक्ष द्या! झीगमार आता स्वतः घडवलेल्या ओपनरनं पहिली बाटली उघडणार!”

“अहो, तो शोभेचा आहे...”

“शोभेचा नवरा असतो. उघडा!”

लोक खदखदून हसले. झीगमारनं ओपनर लावला. घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. इतक्या वर्षांत त्यानं तो फक्त पुसला होता, वापरला कधीच नव्हता. मूठ हातात बसेना, खळगी भलत्याच बाजूला येत होती.

“तू केलास का तुझ्या आजीनं?” मागून कुणीतरी ओरडलं. “हा घे माझा लायटर!”

झीगमारचे कान तापले. घाम डोळ्यांत उतरला.

“डाव्या हातात धर.”

आवाज जड होता, शब्द अडखळत आले, पण सगळ्यांना ऐकू गेले. गोटहार्ट डावखुरा होता, हे झीगमार साफ विसरला होता.

त्यानं हात बदलला. अंगठा अलगद खळगीत बसला आणि झाकण टप्पकन उडालं. टाळ्या पडल्या. एकेक टाळी त्याच्या थोबाडीत बसत होती.

बिअरचा ग्लास भरून तो खुर्चीपाशी गेला, ओपनरही पुढं केला. “घे. तुझा आहे.”

“मला आता काय उपयोग?” गोटहार्टनं उजव्या हातानं ग्लास तेवढा घेतला. “राहू दे तुझ्याकडे. चिठ्ठीवरचं नाव मात्र बदल.”

चिडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर झीगमारला बरं वाटलं असतं. गोटहार्टनं तर त्याला राग काढायच्याही लायकीचं मानलं नव्हतं. झीगमार टेबलाशी परत आला.

“नोआकबाई, पेन आहे का? चिठ्ठीत चूक झालीये.”

“कसली चूक?” बाईंनी सवयीनं माईक त्याच्या तोंडासमोर धरला.

झीगमारनं खुर्चीकडे पाहिलं. गोटहार्ट मिशीवरचा फेस पुसत होता, त्याच्याकडे बघतही नव्हता.

“चूक नाही हो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज साऱ्या बागेत गेला, “चोरी.”