भावाच्या दारची अक्षत

चढावर टिकारामनं पायडलवर जरा जोर दिला, तसा ताराचंदनंही दिला. टिकाराम पुन्हा हळू झाला. सकाळपासून हेच चाललं होतं. थोरल्या टिकारामला मागे राहणं कमीपणाचं वाटे आणि धाकटा त्याला पुढे जाऊ देईना, म्हणून दोन्ही काळ्या सायकली भंडाऱ्याच्या रस्त्यांवरून शेजारी-शेजारी रमतगमत चालल्या होत्या. खांब तलावाशी दातून करत बसलेला एक म्हातारा म्हणालाही, की भाऊ असावेत तर असे. टिकारामला त्याला तलावात ढकलून द्यावंसं वाटलं.

टिकारामच्या मुलीचं, चंद्रकांताचं म्हणजे घरच्यांच्या चंदाचं, लग्न ठरलं होतं. गावभर आमंत्रणाची अक्षत द्यायची, तर दोन्ही भावांनी मिळून दारात उभं राहायचं, ही बिरादरीची रीत. एकटा गेला की लोक आधी दुसऱ्याची चौकशी करतात, आणि ती चौकशी पवनीला नवरदेवाच्या घरी पोचायला वेळ लागत नाही. नवरदेवाचे वडील श्यामराव भांडखोर घराला भारी बिचकत. मांडवात दोघे भाऊ दिसले पाहिजेत, नाहीतर वरात परत नेऊ, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून टिकारामच्या बायकोनं, शकुनबाईनं, स्वतः जाऊन दिराला विनवलं. ताराचंद आला खरा, पण तिनं पुढे केलेलं पन्हं त्यानं तोंडाला लावलं नाही.

वैर पितळी भांड्यांच्या दुकानापासूनचं. वाटणीत दुकानं दोन झाली आणि चुलीही. पुढे ताराचंदच्या मुलीचं लग्न निघालं, तर थोरल्याकडे अक्षत आली ती परक्यासारखी न्हाव्याच्या हातून. टिकारामच्या डोक्यात तिडीक गेली. ऐन मुहूर्ताला तो मांडवासमोरचं आपलं दुकान उघडून पाणी भरायच्या एका पितळी गुंडाचा पोचा ठोकत बसला. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींना दोनदा थांबावं लागलं. याची त्याला तेव्हा लाज वाटली नव्हती, आजही वाटत नव्हती.

दारोदारी मात्र दोघे गोड हसत. टिकाराम पितळी डबीतून पिवळी अक्षत काढून उंबऱ्यावर ठेवी, ताराचंद हात जोडून आग्रह करी. सायकलीवर बसले की तोंडं पुन्हा शिवलेली. एकदाच काय तो ताराचंद बोलला.

"चिमटी-चिमटी काय देऊन राहिला? पोरीचं लगन आहे का औषध वाटून राहिला?"

तेव्हापासून टिकारामनं रागारागानं मूठ-मूठ दिली. ऊन चढलं, डबी संपली, आणि त्याला वाटलं, सुटलो एकदाचे.

परतीच्या वाटेवर ताराचंदचं घर लागलं. तो उतरला, सायकल भिंतीला टेकवून आत गेला. टिकाराम पुढे निघणार, तोच ताराचंद टोपी नीट करत दारात आला आणि उंबऱ्याच्या आत उभा राहिला.

"कोनाकडून आले जी तुमी?"

टिकारामला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि कानशिलं तापली. सकाळभर जो सोबत दारं फिरला, त्याला आणखी वेगळी अक्षत कसली? पण चूल वेगळी म्हणजे दारही वेगळंच. सगळ्या गावाची दारं त्यानं आठवून आठवून धरली होती, हे एक धरलं नव्हतं. जा खड्ड्यात, असं अगदी जिभेवर आलं. मग वरात परत गेल्यावर मांडवात मान खाली घालून बसलेली चंदा त्याच्या डोळ्यांपुढे आली.

त्यानं सायकल उभी केली. डबीच्या तळाशी हळदीनं चिकटलेले चार दाणे होते. ते नखानं खरवडले आणि वाकून उंबऱ्यावर ठेवले. धाकट्यापुढे तो कधी वाकला नव्हता.

"चंदाचं लगन आहे," तो म्हणाला. "या."

"पोरीसाठी येईन," ताराचंद म्हणाला. "पन तुह्या घरचं जेवनार नाही. पानीबी पेनार नाही."

सख्खा भाऊ मांडवातून उपाशी उठला, हे बिरादरी जन्मभर विसरत नाही. हाताशी हातोडी असती तर टिकारामनं समोर येईल ते ठोकून काढलं असतं.

"जेवू नको," तो म्हणाला. "ये."

रस्ता मोकळा होता, पुढे जायला आता कुणाची अडचण नव्हती. तरी टिकारामची सायकल तशीच हळूहळू, रस्त्याच्या एका कडेनं घराकडे गेली, शेजारी एका सायकलीची जागा सोडून.