कुमुदची ट्रंक

"टपालवाला येऊन गेला नं वं सकाळी?" सरस्वतीबाईंनी खाटेवरूनच विचारलं. "अंक टाकला का त्यानं?"

"टाकला," मंजुळा म्हणाली. सुपातल्या डाळीवरून तिनं मान वर केली नाही.

"मंग वाच."

"डाळ निवडून राह्यली, आत्याबाई."

"डाळ काय पळून चालली? त्या पोरीले महिना झाला टेसनावर उभं करून. पाय नाही का दुखत तिचे?"

ती पोरगी म्हणजे कुमुद. मंजुळेचे यजमान भगवंतराव पुण्याहून जे मासिक मागवत, त्यातल्या चालू कादंबरीतली. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली कुमुद ट्रंक घेऊन फलाटावर उभी होती. नवऱ्याचा माफीचा कागद आलेला, गाडी समोर आलेली, आणि आषाढाचा अंक तिथंच संपला होता.

देऊळघाटच्या त्या घरात अंक आला की दुपारी शेजारच्या गोजरबाई आणि शालूबाई येऊन बसत. चिखलीच्या शाळेत चार यत्ता शिकलेली मंजुळा वाचायची आणि बाकीच्या निकाल द्यायच्या. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण मत धारदार. "'मी जाणार नाही हो,' असं लाडात काऊन बोलते ही? चिडली का लाडात आली, काही समजत नाही," असं म्हणत त्या कुमुदला नावं ठेवायच्या आणि गोजरबाई पदराआड हसायची.

अंक आता फळीवर होता, देवाच्या तसबिरीशेजारी. त्याची कडेला जुळलेली पानंही फाडलेली नव्हती. मंजुळेला स्वयंपाक करताना तो दिसे, पोथीला बसल्यावर दिसे. जपाची माळ मध्येच चुके, पुन्हा पहिल्या मण्यापासून धरावी लागे. रिकाम्या हातांना काय करावं कळेना, म्हणून घासलेली भांडी ती परत घासायची.

कारण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आषाढात सासूबाईंना दम्यानं असं धरलं, की तीन दिवस पाठ टेकता आली नाही. एकादशीला बाकीच्या बायकांनी चातुर्मासासाठी कांदा सोडला, वांगी सोडली. मंजुळेच्या मळ्यात वांगी पाटीनं निघत. ती सोडून देवाला काय दिल्यासारखं होणार? तिनं विठोबापुढं हात जोडून कादंबरी सोडली. कार्तिकीपर्यंत उघडणार नाही, कोणी वाचली तर ऐकणार नाही. म्हातारीचा श्वास मोकळा कर. चौथ्या दिवशी श्वास मोकळा झाला. देवानं आपला शब्द पाळल्यावर तिनं मोडायचा कसा? आणि मनात धरलेला नेम बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, हे माहेरी शिकवलेलं.

"यांनाच सांगू का वाचाले?" एकदा तिनं विचारून पाहिलं.

"पोराच्या तोंडून कुमुदचं ऐकू? मले लाज नाही का?" सासूबाई भिंतीकडे वळल्या. "राहू दे. म्हातारीले वाचून दाखवून काय करायचं, असंच वाटत असन तुले."

त्या दिवशी त्यांनी चतकोर भाकर खाल्ली.

भादव्यात दमा परत आला. शेजारणी शेतात निंदणाला गेलेल्या. घरात दुपारची शांतता आणि तो घरघरता श्वास. मंजुळा ओसरीतून आत, आतून ओसरीत फिरत होती.

"एका जागी बस वं," सासूबाई म्हणाल्या. "कार्तिकीपावतर म्या काही राहत नाही. मले तेवढं सांग. गाडीत बसली का ते पोरगी?"

नेम ओळखला होता की काय त्यांनी? मंजुळेनं अंक खाली काढला आणि मिटलेलाच मांडीवर ठेवला. उघडायचं नाही, ऐकायचं नाही, एवढंच कबूल केलं होतं. सांगायचं नाही, असं कुठं म्हटलं होतं? ही वकिली देवाला चालेल का, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. तिनं तसबिरीकडे पाठ केली.

"गाडीनं शिटी दिली," ती वाचल्यासारखं बोलू लागली. "कुमुदनं ट्रंक उचलली. पायरीवर एक पाय ठेवला. मग तिनं पाय खाली घेतला. हमाल म्हणाला, बाई, गाडी सुटते. कुमुद म्हणाली, सुटू दे. मले नाही जायचं."

शब्द तोंडून गेल्यावर तिला कळलं, पुण्याच्या मासिकातली कुमुद 'मले' म्हणत नाही.

"आता कशी माणसासारखी बोलली," सासूबाई म्हणाल्या. "लिहिणारा वऱ्हाडात येऊन गेलेला दिसते."

मंजुळेनं अंक परत फळीवर ठेवला.

"उद्या अजून वाच. ट्रंकेत काय होतं, ते नाही सांगितलं त्यानं. अन् वाचताना पानं उलटत जाय, मंजुळे. तो आवाज मले बरा वाटते."

दुसऱ्या दिवशी मंजुळेनं जुनं पंचांग हातात घेतलं. त्याची पानं उलटत तिनं ट्रंक उघडली: दोन लुगडी, आईची हळदीकुंकवाची डबी, शाळेची पाटी. तिसऱ्या दिवशी कुमुदनं स्टेशनमास्तरच्या बायकोकडे खोली घेतली. "भाडं कुठून देते?" सासूबाईंनी हरकत घेतली, तेव्हा चौथ्या दिवशी ती चोळ्या शिवू लागली. आश्विनातल्या एका सकाळी सासूबाई गेल्या, त्या वेळी कुमुद गावच्या पोरींना पाटीवर अक्षरं गिरवून देत होती.

नेम पाळला की मोडला, मंजुळेला ठरवता येईना. कार्तिकीपर्यंत तिनं फळीवरच्या अंकांना हात लावला नाही. द्वादशीला पारणं करून, केसातल्या आकड्यानं श्रावणाच्या अंकाची पानं फाडली आणि एकटीनं वाचलं. कुमुद गाडीत बसली होती. नवऱ्याच्या पाया पडली होती, डोळे पुसून त्याच्यासाठी चहा ठेवत होती.

दुपारी गोजरबाई आणि शालूबाई आल्या. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. सवयीनं दोघी तिच्या जागेला वळसा घालून बसल्या.

"चार महिने वाट पाह्यली, बाई," शालूबाई म्हणाली. "बसली का गाडीत?"

मंजुळेनं अंक उघडून समोर धरला. छापलेल्या ओळी अगदी स्पष्ट दिसत होत्या.

"हमाल म्हणाला, बाई, गाडी सुटते," तिनं वाचलं. "कुमुद म्हणाली, सुटू दे. मले नाही जायचं."

आणि तिनं पान उलटलं, सावकाश, खाटेपर्यंत आवाज जाईल असं.