वाटणीत राहिलेला हात

ओसरीवर गोणपाटाचे दोन तुकडे शेजारी शेजारी पसरले होते. दोन्हींवर गेरूत बुडवून उठवलेला एकेक हात. शिवरामपंत मुळ्ये भिंग घेऊन त्यांच्यावर ओणवे झाले होते आणि चहा केव्हाच निवून गेला होता.

“करंगळी वाकडी कशी रे ही?”

“आयेची तशीच हाय,” पायरीवर बसलेला महिपत म्हणाला. “मी ल्हान असताना कोयता लागलेला. ह्यो आयेनं मारलेला हात, माज्या आंब्याच्या करंडीवरचा. आनि ह्यो रामाचा, माज्या धाकट्या भावाचा. फनसाच्या लाकडाचा ठसा केलान त्येनं.”

“करंगळीसुद्धा वाकडीच कोरलीय.”

“तर काय! चोरायचा तर सगळाच चोरलान.”

पंतांना मनातून बरं वाटलं. कोरणाऱ्याने व्यंगसुद्धा सोडलं नव्हतं. नक्कल करायचा हेतू सिद्ध करायला याहून काय हवं?

रत्नागिरीत त्यांना सरकारी वकील असं कमी आणि छापवाले पंत असं जास्त म्हणत. दुसऱ्याच्या मालाची खूण आपल्या मालावर मारण्याचा खटला जिल्ह्यात कुठेही उभा राहिला, की तो त्यांच्याकडे यायचा. काड्यापेटीवरचा मोर, तपकिरीच्या डबीवरचा सिंह, साबणाच्या वेष्टनावरची गोरीपान बाई, सगळ्यांची वकिली त्यांनी केली होती. बाजारात गेले तरी माल राहायचा बाजूला, हे चित्रंच बघत उभे. “साबण आणायला पाठवलं तर दोन वड्या आणतात, एक खरी, एक खोटी,” त्यांच्या पत्नी गोदूबाई शेजारणींना सांगायच्या, “आणि मला म्हणतात, ओळख.”

पण त्या सगळ्या खटल्यांत कायदा आधीच ठरलेला असे. तो फक्त वाचून दाखवायचा. इथे तो शोधायचा होता. महिपत आणि रामा पूर्णगडाजवळच्या गावचे आंबेवाले. घर फुटलं तेव्हा दोघांनी कलमं वाटली, भांडी वाटली, विहिरीवरची पाळी वाटली, आंबे उतरवायची शिडीसुद्धा वाटली. खूण वाटायची कुणाला सुचलीच नाही. त्यांची आई सोनूबाई थोरल्याकडे राहिली आणि त्याच्या करंड्यांवर हात उठवत राहिली. मुंबईचा दलाल मागायचा तो ‘हाताचा आंबा’. रामाचा आंबा त्याच बागेतला, पण बिनहाताचा, म्हणून वखारीत नासू लागला. तेव्हा त्याने ठसा कोरला, आणि भावाने फिर्याद ठोकली.

घर फुटलं तर घराची खूण कुणाची? हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जाणार, निकालांच्या पुस्तकात छापला जाणार आणि खाली सरकारतर्फे म्हणून आपलं नाव येणार, असं पंतांनी धरलं होतं. पुढल्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

“म्हणून कोटाला इस्त्री दोनदा,” गोदूबाई म्हणाल्या.

सोनूबाई साक्षीला उभी राहिली ती पदर घट्ट आवळून. तिला एवढंच ओळखायचं होतं, की खरा हात कुठला आणि ठशाचा कुठला. तेवढ्यावर रामा तुरुंगात जाणार होता.

पंतांनी गोणपाटं पुढे केली. तिने दोन्हींवरून बोटं फिरवली.

“ह्यो माजा. ह्यो दुसरा न्हाय माजा.” मग ती आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळली. “आंगठा बारीक केलास रे. सुतारकाम तुज्या बापाला पन न्हाय जमला.”

कोर्टात हशा पिकला. रामा हसला नाही. “मला बोलवायचा तरी होतास,” ती म्हणाली, “आल्ये असत्ये.”

“दादान येव दिलान असतान काय?”

मॅजिस्ट्रेटनी टेबलावर टकटक केलं. “पंत, झाली ना साक्ष?”

झाली होती. खाली बसायचं, एवढंच उरलं होतं. पण पंतांच्या डोक्यात सकाळपासून एक गोष्ट घोळत होती. दोघा भावांना विचारलं, दलालाला विचारलं, गावच्या पाटलालाही विचारलं. हिला कुणीच विचारलं नव्हतं. तो प्रश्न फिर्याद पक्षाने विचारायचा नसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. उत्तर काय येईल याची उत्सुकता मात्र काही केल्या गप्प बसेना.

“सोनूबाई, ही खूण कुणाची?”

“माजी. आनि कोनाची असनार?”

“महिपतला दिलीत का कधी?”

“दिली कशी? रोज उठवत्ये ती मी. वाटनी झाली तवा माजा हात कोनाच्या वाट्याला गेला, सांगा बघू.”

मॅजिस्ट्रेटनी लेखणी खाली ठेवली. खूण फिर्यादीची नाही, तर फिर्याद कसली? रामा सुटला. खालच्या कोर्टाचा चार ओळींचा निकाल. तो पुस्तकात छापायला कोण बसलंय?

“काय झालं?” घरी गोदूबाईंनी विचारलं.

“हरलो,” पंत म्हणाले, आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या वर्षीच्या आंब्याच्या हंगामात, पेन्शन सुरू झाल्यावर, ते धक्क्यावर गेले. मुंबईची आगबोट लागायची होती. पूर्णगडच्या करंड्या दोन वेगळ्या ढिगांत रचलेल्या होत्या. त्यांनी एका ढिगाभोवती फेरी मारली, मग दुसऱ्याभोवती.

“जमाल, यांच्यावरचा हात कुठं गेला रे?”

धक्क्यावर माल चढवणाऱ्या जमालने तोंडातली विडी काढली. “म्हातारीनं बंद केला, साहेब. ऱ्हाते आता येकटीच, गोठ्याच्या पडवीत. दोगंबी न्यायला गेल्ते. ती बोल्ली, दोगं मिळून येका आंगनात करंड्या मांडा, मग उठवते. गेरू भिजवून बसते म्हनं रोज सकाळी.”

“मग?”

“मग काय. दर उतरला दोगांचाबी. पन आंगनात कोन न्हाय आला अजून.”

पंतांनी वरच्या करंडीच्या गोणपाटावर तळवा टेकवला. तंतू कोरडे, खरखरीत होते.

“जरा बाजूला व्हा, साहेब,” जमाल म्हणाला, आणि त्याने करंडी खांद्यावर घेतली.